शिकवणं, घर आणि स्वतःचा गेम: गोडो इंजिन वापरून आलेला अनुभव

मी मिरजेजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या मुलांना शिकवते. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स आणि तिसऱ्या वर्षाला गेम प्रोग्रॅमिंगचं एक इलेक्टिव्ह. घरी नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. या सगळ्यातून उरलेल्या वेळात मी ठिपक्यांच्या रांगोळीवरचा एक कोड्यांचा गेम करतेय, आणि तो गोडो या गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतेय. नोकरी सांभाळून गेम करायचा तर इंजिन कुठलं घ्यावं, हे विद्यार्थी विचारतात, शिकवणाऱ्या मैत्रिणी विचारतात, त्यामुळे एकदा सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं. थ्रीडीतले भव्य गेम करणाऱ्या स्टुडिओंना यातून फारसं काही मिळणार नाही. ज्यांना एकट्याने, रात्रीच्या वेळी बसून टूडी गेम पुरा करायचा आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

माझ्याकडून गोडोला पाचपैकी साडेचार तारे. कापलेला अर्धा तारा अँड्रॉइडमुळे, त्याचं कारण पुढे येईल.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी हे इंजिन आधी स्वतःच्या कामासाठी बनवलं आणि २०१४ मध्ये एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली सगळ्यांना खुलं केलं. आता त्याचा कारभार नेदरलँड्समधलं गोडो फाउंडेशन पाहतं, खर्च देणग्यांवर चालतो. फी नाही, रॉयल्टी नाही. गेमने एक रुपया कमावला काय आणि एक कोटी कमावले काय, इंजिनवाल्यांना काही देणं लागत नाही. ब्रोटॅटो, डोम कीपर, कॅसेट बीस्ट्स, बकशॉट रूलेट हे गाजलेले गेम यातच झालेत. त्यातला ब्रोटॅटो एकट्या माणसाने केलेला आहे.

पण मी फुकट आहे म्हणून गोडो वापरत नाही. माझा वेळ कसा मिळतो ते सांगितलं की कारण कळेल.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हेवा वाटतो. या १६ तासांच्या भोवती जर्नल तपासणं, टर्म वर्क, इंटर्नलचे पेपर काढणं आणि तपासणं, मेंटॉर-मेंटीच्या मीटिंगा, सीओ-पीओ अटेनमेंटचे (मुलं ठरलेलं किती शिकली त्याचे) तक्ते, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली हे सगळं असतं. सेमिस्टर संपली की ओरल-प्रॅक्टिकल, एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजात जाणं आणि मग पेपर तपासायला कॅप सेंटर. घरी आल्यावर स्वयंपाक, लेकीचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या-औषधं. लेक झोपल्यावर जो तासभर मिळतो तो माझा. कधी तोही मिळत नाही. सलग पाच-सहा तास फक्त रविवारी दुपारी, तेही नवरा लेकीला घेऊन बाहेर पडला तर.

अशा तासाभरातली वीस मिनिटं इंजिन उघडण्यात, लॉगिन करण्यात आणि अपडेट उतरवण्यात गेली तर त्या रात्री गेम होत नाही. गोडोची सगळ्यात मोठी खूबी मला इथे दिसते. शंभर एमबीहून लहान झिप, ती सोडवली की आत चालवायची फाइल, तिच्यावर डबल क्लिक. इन्स्टॉलेशन नाही, खातं उघडणं नाही, इंटरनेटही लागत नाही. माझ्या आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर चहा गाळून होईपर्यंत प्रोजेक्ट उघडलेला असतो. आदल्या रात्री उघडे असलेले सीन आणि स्क्रिप्ट तशाच टॅबमध्ये समोर येतात, तसं सेटिंग ठेवता येतं. पाच दिवस काही करता आलं नाही आणि सहाव्या दिवशी बसले तरी कुठे थांबले होते ते शोधावं लागत नाही.

दुसरी खूबी त्याच्या रचनेत आहे. गोडोत प्रत्येक गोष्ट नोड असते आणि नोड जोडून सीन होतो. ठिपका हा एक सीन, रेघ हा एक सीन, कोडं सुटल्यावर रंग भरण्याचं ॲनिमेशन हा आणखी एक. यातला कुठलाही सीन एफ-सिक्स दाबून एकटाच चालवून बघता येतो, बाकीचा गेम अर्धवट असला तरी अडत नाही. त्यामुळे एका रात्री एवढंच ठरवता येतं की आज बोट ठिपक्याजवळ आलं की ठिपका किंचित मोठा झाला पाहिजे. तेवढं होतं, चालवून बघितलं जातं, गिटमध्ये कमिट होतं, म्हणजे बदलाची नोंद राहते, आणि मी झोपते. सीनच्या फाइली साध्या टेक्स्टमध्ये असतात, त्यामुळे गिटमध्ये काय बदललं ते वाचता येतं. अर्धवट राहिलेलं काम मी कमिटच्या संदेशात मराठीत लिहून ठेवते: “रेघ उलटी ओढली तर तुटते, उद्या इथून.” परीक्षांच्या धामधुमीनंतर परत येताना या संदेशांचा फार आधार वाटतो.

आता गेमबद्दल, कारण इंजिन कसं वागतं ते त्यातूनच कळेल. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीचं माप “७ ते ४ मधले ठिपके” असं सांगतात. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ठिपका मधल्या ओळीच्या बाजूच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७. माझ्या गेममध्ये असे ठिपके समोर येतात, एक आकृती पुसट दिसते आणि ती हात न उचलता, एकाही रेघेवरून दुसऱ्यांदा न जाता पुरी करायची असते.

हात न उचलता काढता येईल की नाही, हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी शिकवते. गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं ज्या रीतीने निकालात काढलं तीच रीत. प्रत्येक ठिपक्याला किती रेघा मिळतात ते मोजायचं. विषम रेघा असलेला एकही ठिपका नसेल तर कुठूनही सुरुवात करा, तिथेच परत याल. असे बरोबर दोन ठिपके असतील तर एका विषम ठिपक्यापासून निघून दुसऱ्यावर संपवावं लागतं. त्याहून जास्त असतील तर हात उचलावाच लागतो. (आकृती एकसंध हवी, ही अट मुलं परीक्षेत हमखास विसरतात.) मी गेममध्ये “सूचना” बटण ठेवलंय, ते दाबलं की विषम ठिपके तेवढे लाल होतात. हाच लेव्हल मी वर्गात प्रोजेक्टरवर लावते. फळ्यावर ग्राफ काढून जे पोरांच्या गळी उतरत नव्हतं, ते शेवटच्या बाकावरची पोरं हवेत बोट फिरवत सोडवायला लागतात. शिकवण्याची तयारी आणि गेमचं काम इथे एकच होऊन जातं. दोन्ही सांभाळण्याचं कोडं मला जेवढं सुटलं, ते या एका ठिकाणी.

लेव्हल बनवायला मला सासूबाईंची वही लाभलीय. चौकटीच्या कागदावर पेन्सिलने काढलेल्या रांगोळ्या, काही त्यांच्या आईच्या हातच्या. त्या वहीतून गेममध्ये आणायचं काम गोडोने सोपं केलं. स्क्रिप्टच्या माथ्यावर “टूल” असं एक चिन्हांकन लिहिलं की ती स्क्रिप्ट गेम न चालवता, एडिटरमध्येच चालते. इन्स्पेक्टर या सेटिंगच्या चौकटीत ७ आणि ४ असे दोन आकडे टाकले की ३७ ठिपके पडद्यावर मांडले जातात. मग वही शेजारी ठेवून ठिपके जोडत जायचं. प्रत्येक रांगोळी एक छोटी रिसोर्स फाइल होते. हे सगळं मला कुठलंही वेगळं सॉफ्टवेअर न लिहिता, इंजिनाच्या आतच करता आलं.

एकदा सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, चिमटीतली रांगोळी संपत आली की रेघ बारीक होते. तुझी सगळीकडे सारखीच जाड. हाताने काढलेली वाटत नाही.” गोडोत रेघ काढायला लाइन-टूडी नावाचा नोड आहे आणि त्यात जाडीसाठी एक वक्र देता येतो. सुरुवातीला जाड, शेवटाकडे निमुळती. वक्र ओढून दिला, वर रांगोळीच्या कणांसारखं टेक्श्चर लावलं आणि रेघ जमिनीवरची दिसायला लागली. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, “आता जमलं.” ज्यांनी आयुष्यभर अंगण सारवलं त्यांच्याकडून आलेली ही पावती मला फार मोलाची वाटते.

मराठीत गेम करणाऱ्यांसाठी पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. गोडो ३ मध्ये देवनागरी नीट दिसतच नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडायची, जोडाक्षरं फुटून हलंत दिसायचे. त्या काळात लोक मराठी मजकुराची चित्रं करून गेममध्ये चिकटवायचे, आणि एक शब्द बदलायचा तर चित्र नव्याने करावं लागायचं. १ मार्च २०२३ ला गोडो ४.० आलं, त्यात मजकुराची सगळी यंत्रणा नव्याने लिहिलेली होती. ती अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी वापरते, त्यामुळे “क्ष”, “र्‍या”, “द्ध्व” सगळं जिथल्या तिथे बसतं. मी “एक टाइप” या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या मुक्त फॉन्टमध्ये सगळा मजकूर ठेवलाय आणि आजवर एकही अक्षर फुटलेलं पाहिलं नाही.

एकच जागा जपायची. संवाद एकेक अक्षराने उमटवायचा असेल तर मूळ सेटिंगमध्ये “क्षण” लिहिताना आधी “क” दिसतो, मग “क्”, मग अचानक “क्ष”. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते टोचतं. लेबलच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या अक्षरांच्या वर्तनाचा एक पर्याय आहे, तो “शेपिंगनंतर” वर ठेवला की आधी अक्षरं जुळतात आणि मग उमटतात. हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कुणी सांगत नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडत नाही.

आवाजाबद्दल एवढंच सांगते की मिरजेत राहण्याचा फायदा घेऊन मी इथल्याच एका कारागिराकडे नव्या तंबोऱ्याचा नाद रेकॉर्ड केला, आणि इम्पोर्टच्या पॅनेलमध्ये लूपची खूण केल्यावर तो कुठेही न अडखळता फिरत राहतो.

आता कॉलेजची लॅब. सरकारी किंवा निमसरकारी लॅबमध्ये शिकवलंय त्यांना माहीत आहे की तिथल्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायचं म्हणजे लॅब असिस्टंटची परवानगी, ॲडमिन पासवर्ड आणि पुढचा आठवडा. गोडो पेनड्राइव्हवरून चालतं. एडिटरच्या फाइलशेजारी अंडरस्कोर, एस, सी, अंडरस्कोर या नावाची एक रिकामी फाइल ठेवली की त्याची सगळी सेटिंग त्याच फोल्डरमध्ये राहतात, मशीनवर काही उरत नाही. जुन्या मशीनवर व्हल्कन हे नवं ग्राफिक्स तंत्र चालत नसेल तर प्रोजेक्ट करतानाच कम्पॅटिबिलिटी हा रेंडरर निवडायचा, तो ओपनजीएल या जुन्या तंत्रावर चालतो. टूडीसाठी तो पुरतो. पहिल्या वर्षी पायथन झालेलं असल्यामुळे मुलांना जीडीस्क्रिप्ट ही गोडोची भाषा लगेच वाचता येते, इंडेंटेशनसकट सगळं ओळखीचं वाटतं.

गेल्या बॅचला एका मुलीने प्रॅक्टिकल संपल्यावर थांबून विचारलं, “मॅडम, घरी लॅपटॉप नाहीये. मोबाईलवर होईल का हे?” गोडोचा एडिटर २०२२ पासून अँड्रॉइडवरही आहे, प्ले स्टोअरवरून फुकट मिळतो. छोट्या पडद्यावर काम करणं कष्टाचं आहे, बोटाने नोड ओढताना चुकतं, पण तिने ब्लूटूथ कीबोर्ड मागून आणला आणि मिनी प्रोजेक्ट पुरा केला. इतर कुठल्या मोठ्या इंजिनात मी तिला होकार देऊ शकले नसते.

लायसन्सचा प्रश्न शिकवणाऱ्याला जास्त भिडतो. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटी या दुसऱ्या मोठ्या इंजिनाच्या कंपनीने गेम किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर फी लावायची घोषणा केली होती. जगभरातून विरोध झाला, दहा दिवसांत नियम सौम्य केले आणि वर्षभराने ती फी रद्दही झाली. टेरारिया हा गेम करणाऱ्या री-लॉजिक या कंपनीने त्याच आठवड्यांत गोडोला एक लाख डॉलर देणगी दिली. युनिटी वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पुण्या-मुंबईतल्या मोबाईल गेमच्या नोकऱ्यांमध्ये त्याची मागणी जास्त आहे आणि मी हे मुलांना पहिल्याच तासाला सांगते. पण आमचा अभ्यासक्रम एकदा मंजूर झाला की काही वर्षं तोच चालतो. मधेच कुणी अटी बदलल्या तर आम्ही वर्गात काय शिकवायचं? एमआयटी लायसन्सखाली उतरवलेली आवृत्ती कायमची आपली. ही निश्चिंती मला वर्गातही लागते आणि माझ्या गेमसाठीही, कारण माझ्या गतीने तो पुरा व्हायला वेळ लागणार आहे.

आता उणिवा, आणि त्या थोड्या नाहीत.

शिकण्याचं साहित्य गोंधळाचं आहे. यूट्यूबवर सापडणारे बरेच व्हिडिओ गोडो ३ चे असतात. त्यातला कायनेमॅटिक बॉडी ४ मध्ये कॅरेक्टर बॉडी झाला, यील्डच्या जागी अवेट आलं, टाइलमॅप तर ४.३ मध्ये पुन्हा बदलला. नवखा मुलगा व्हिडिओ बघून तसंच्या तसं लिहितो, एरर येते आणि आपलंच डोकं चालत नाही असं त्याला वाटतं. अधिकृत डॉक्युमेंटेशन मात्र उत्तम आहे, आणि एडिटरमध्येच एफ-वन दाबून प्रत्येक क्लासची माहिती ऑफलाइन वाचता येते. मी मुलांना व्हिडिओआधी तेच उघडायला लावते.

तयार सामान कमी मिळतं. जाहिराती लावायच्या, ॲपच्या आत खरेदी ठेवायची, तर प्लगइनवर अवलंबून राहावं लागतं आणि इंजिनाची नवी आवृत्ती आली की प्लगइनची वाट बघावी लागते. प्लेस्टेशन, स्विच यांसाठी इंजिनातून थेट एक्स्पोर्ट नाही, त्यासाठी वेगळ्या कंपन्यांकडे जावं लागतं. मला त्याची गरज नाही म्हणून मी तारे कापले नाहीत.

अँड्रॉइडचं मात्र जिवावर येतं. नुसतं फोनवर चालवून बघायला यूएसबी लावून एक बटण दाबलं की काम होतं, ते झकास आहे. पण तिथवर पोचायला जावा डेव्हलपमेंट किट, अँड्रॉइड एसडीके, शिवाय जवळपास एक जीबीचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट, एवढं सगळं जुळवावं लागतं. प्ले स्टोअरवर टाकायचं तर एएबी या प्रकारची ॲपची फाइल लागते आणि तिच्यासाठी ग्रेडल या ॲप बांधणाऱ्या साधनाची बिल्ड चालू करावी लागते. ग्रेडल पहिल्यांदा चालतं तेव्हा किती काय काय उतरवून घेतं ते बघत बसावं लागतं, मधे वीज किंवा नेट गेलं की पुन्हा. त्यातून गूगलच्या अटी दर वर्षी बदलतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ साठी केलेल्या ॲपना १६ केबी मेमरी पेजची अट आली, गोडोत ती सोय ४.५ मध्ये मिळाली. म्हणजे गेम पुरा झाला तरी दर वर्षी एखादा सलग रविवार त्याच्या देखभालीला द्यावा लागणार. अर्धा तारा तिथे गेला.

वेबवर टाकणं याच्या अगदी उलट. ४.० ते ४.२ पर्यंत वेबसाठी सर्व्हरवर खास हेडर लावावे लागत, आणि कॉलेजच्या सर्व्हरवर ते कोण लावून देणार? ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ४.३ मध्ये एकाच थ्रेडची वेब बिल्ड परत आली, तेव्हापासून फाइली कुठल्याही साध्या सर्व्हरवर ठेवा, ब्राउझरमध्ये गेम चालतो. मुलांचे मिनी प्रोजेक्ट मी आता लिंकवरून तपासते, पेनड्राइव्ह गोळा करायची गरज उरली नाही. वेबसाठी प्रोजेक्ट जीडीस्क्रिप्टमध्येच ठेवावा, गोडो ४ मधून सी-शार्पचे प्रोजेक्ट वेबवर जात नाहीत.

गेम विकायचा विचार करणाऱ्यांसाठी: स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. प्ले स्टोअरचे एकदाच २५ डॉलर. इच डॉट आयओवर काहीच भरावं लागत नाही आणि विक्रीतला वाटा किती द्यायचा तेही आपणच ठरवतो, शून्यसुद्धा चालतं. मी सुरुवात तिथूनच करणार आहे.

प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला आधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. शिकवणाऱ्या माणसाला वाटेल, बारा जण कशाला, अख्खा वर्ग आहे. माझं मत इथे ठाम आहे: ज्या मुलांचे इंटर्नलचे गुण माझ्या हातात आहेत त्यांच्याकडून मी माझ्या गेमची चाचणी करून घेत नाही. नाही म्हणायची त्यांना मोकळीक नसते. वर्गात मी लेव्हल दाखवते ते शिकवण्यासाठी. चाचणीला माझ्या शाळेच्या मैत्रिणी, नणंदा, त्यांची मुलं. तसंच मुलांनी केलेला कोड किंवा चित्र माझ्या गेममध्ये येत नाही. कॉलेजचं मशीन कॉलेजच्या कामाला, माझा लॅपटॉप माझ्या गेमला. आणि पैसे कमवायचा विचार असेल तर आपल्या सेवाशर्ती वाचून व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधीच घ्यावी. मी घेतलीय, अर्ज एका पानाचा होता.

घराचं काय, हे इंजिनाच्या रिव्ह्यूत लिहावं का असं मनात आलं. पण गेम अर्धवट सुटतात ते बहुतेक घरी वेळेची वाटणी न झाल्यामुळे, इंजिनामुळे सुटणारे थोडे. आमच्याकडे रविवारची दुपार माझी आहे आणि शनिवारची सकाळ नवऱ्याच्या सायकलिंगची. माझ्या दुपारी तो लेकीला कृष्णेच्या घाटावर नेतो, त्याच्या सकाळी घर माझ्याकडे. ही वाटणी बोलून ठरवलेली आहे, कुणी कुणावर उपकार करत नाही. संध्याकाळी लेक झोपेपर्यंत लॅपटॉप बंद. ओरलच्या आणि कॅपच्या दिवसांत गेम पूर्णपणे बंद, त्याची खंतही बाळगायची नाही. जाहीर झालेलं शैक्षणिक वेळापत्रक समोर ठेवूनच मी पुढच्या सेमिस्टरचं गेमचं काम ठरवते: शिकवणीच्या आठवड्यांत छोटे सीन, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मोठे बदल.

शिकवत शिकवत गेम करणारे जगात पुष्कळ आहेत. पिपिन बार मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात शिकवतात आणि एकेका कल्पनेवर छोटे, विचित्र, सुंदर गेम करत राहतात. बेनेट फॉडी यांचं शिक्षण तत्त्वज्ञानातलं, क्यूडब्ल्यूओपी हा चार बटणांचा गेम त्यांनी २००८ मध्ये केला आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरमध्ये शिकवलं. या दोघांच्या कामात मला सारखं दिसतं ते गेमचं आकारमान. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये केलेला राजी मला मनापासून आवडतो, पण तो पूर्ण वेळ झोकून देणाऱ्या टीमचा गेम आहे. त्याच्याकडे बघून स्वतःचा आराखडा आखला तर दोन सेमिस्टरमध्ये माणूस थकतो. एक कल्पना, पन्नासेक लेव्हल, एक तंबोरा, एवढ्यात मी राहते.

घ्यायचं ठरवलं तर ४.३ च्या आधीची आवृत्ती घेऊ नका, प्ले स्टोअरवर जायचं असेल तर ४.५ च्या आधीची. नुकतीच आलेली आवृत्तीही लगेच घेऊ नका, तिच्यातल्या पहिल्या दुरुस्त्या येऊ द्या. सेमिस्टरच्या मधे आवृत्ती बदलू नका, वर्गाची आणि स्वतःच्या गेमची एकच ठेवा, म्हणजे दिवसा सापडलेलं उत्तर रात्री कामाला येतं. मराठी मजकूर पहिल्याच दिवशी घालून बघा, इंग्रजीत सगळं करून शेवटी भाषांतर करू म्हटलं की बटणांचे आकार पुन्हा बदलावे लागतात. आणि अँड्रॉइडची जुळवाजुळव मेच्या सुट्टीतच उरकून घ्या, कीस्टोअरची (ॲपवर सही करायच्या किल्लीची) फाइल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा. जुलैत कॉलेज सुरू झालं की तेवढा सलग वेळ पुन्हा दिवाळीपर्यंत मिळत नाही.